डिलेचा लगदा, ॲडॅप्टरची गुणगुण आणि कर्कश फझ

प्रश्न : सर, माझ्याकडे वाह (आवाज ‘वा-वा’ करणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा), कोरस (आवाज जाड, लाटेदार करणारा) आणि डिले (सुराचे प्रतिध्वनी देणारा) असे चार पेडल्स, म्हणजे पायाने चालू-बंद करायचे इफेक्टचे डबे, आहेत आणि ह्याच क्रमाने मी ते गिटार आणि ॲम्पच्या मधे लावलेत. क्लीन, म्हणजे साफ आवाजाच्या चॅनलवर मस्त वाजतं, पण ॲम्पचा गेन, म्हणजे फाटलेल्या आवाजाचा चॅनल चालू केला की डिलेचा नुसता लगदा होतो. मित्र म्हणतो क्रम चुकलाय. खरंच चुकलाय का?

उत्तर : पेडल्सचा क्रम बरोबर आहे हो, मित्राला सांगा. फक्त साखळी मोजताना तुम्ही ॲम्पच धरला नाहीत. ॲम्प बाहेरून एक डबा दिसतो पण आत दोन भाग असतात, प्रीॲम्प (आवाज घडवणारा) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा), आणि गेन चॅनलचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं, मुख्यतः प्रीॲम्पमधे तयार होतं. म्हणजे तुमचा डिले ओव्हरड्राइव्ह पेडलच्या नंतर असला तरी ॲम्पच्या डिस्टॉर्शनच्या आधीच येतोय. मग होतं काय, डिलेतून निघालेले जुने सूर आणि तुम्ही आत्ता वाजवताय तो नवा सूर, सगळे एकदम प्रीॲम्पमधे घुसतात आणि एकत्रच फाटतात. शिवाय डिस्टॉर्शन सिग्नलची वरची टोकं कापतं, त्यामुळे मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक फारसा उरत नाही आणि विरत जायला हवा तो तिसरा-चौथा रिपीट पहिल्याइतकाच जोरात येऊन बसतो.

पटत नसेल तर करून बघा. एकच सूर मारा आणि लगेच तार हाताने दाबून बंद करा. क्लीनवर रिपीट पायऱ्या उतरल्यासारखे खाली जातील, गेनवर मात्र बराच वेळ एकाच उंचीवर चालत राहतील आणि मग एकदम गळतील.

उपाय ॲम्पच्या पाठीमागे आहे. तिथे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक आहेत का बघा, त्यालाच इफेक्ट्स लूप म्हणतात, प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या बरोब्बर मधे शिरायची वाट. सेंडमधून निघालेली केबल डिलेच्या इनपुटला, डिलेच्या आउटपुटची केबल रिटर्नला. मी स्वतः एकदा हे उलटं लावलं होतं, आवाज गायब, आणि अख्खी संध्याकाळ एकेक पॅच केबल बदलत बसलो. डिलेचा आवाज लूपमधे फाटायला लागला तर मागे लेव्हलचा स्विच आहे का तेही बघा, काही ॲम्पचा लूप पेडलला झेपणार नाही इतका जोरदार सिग्नल देतो. आणि हो, स्पीकरचा जॅकही तिथेच मागे असतो, दिसायला सेम, त्यात पेडल चुकूनही खुपसू नका, पेडल तर जळेलच पण ट्यूब ॲम्प असेल तर स्पीकरशिवाय चालल्यामुळे तोही जाऊ शकतो.

वाह आणि ओव्हरड्राइव्ह पुढेच राहू देत. ओव्हरड्राइव्हचा गेन कमी, लेव्हल जास्त ठेवून ॲम्पच्या गेनला धक्का द्यायचा असेल तर त्याची जागा पुढेच. कोरसचं मात्र तुमच्या कानावर आहे. लूपमधे तो स्वच्छ आणि रुंद वाटतो, पुढे लावला तर घोळदार. लोक मॉड्युलेशन (कोरस, फेझर असे आवाज हलवणारे इफेक्ट) नेहमी शेवटी म्हणून छातीठोक सांगतात, पण रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा फेझर ॲम्पच्या पुढेच असायचा आणि त्यात काही बिघडलं नाही. लूपच नसेल तर ॲम्प क्लीन ठेवा आणि फाटलेला आवाज ओव्हरड्राइव्ह पेडलमधूनच काढा, मग तुमचा आत्ताचा क्रम जसाच्या तसा चालेल.

प्रश्न : सहा पेडल्सना एकाच ॲडॅप्टरवरून फाटे काढून पॉवर दिलीये. एकसारखी बारीक टीं अशी गुणगुण येते. केबल्स बदलून झाल्या.

उत्तर : त्यात डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी घुमक देणारा) आहे ना? बहुतेक तोच. डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाचा आवाज सामायिक वायरीतून बाकीच्यांमधे शिरतो आणि ओव्हरड्राइव्ह तो मोठा करून तुम्हाला ऐकवतो. तेवढ्या एका पेडलला वेगळा ॲडॅप्टर द्या, गुणगुण गेली तर चोर सापडला. कायमचा इलाज म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय, प्रत्येक आउटपुट एकमेकांपासून तोडलेला. घेताना व्होल्ट पेडलवर लिहिलेत तेवढेच हवेत, बहुतेकांना ९ व्होल्ट आणि मधला पिन निगेटिव्ह. मिलिॲम्पचं उलट आहे, सप्लायची क्षमता जास्त असली तर काही होत नाही कारण पेडल लागेल तेवढाच करंट ओढतो, कमी पडली तर डिजिटल पेडल चालूच होत नाही किंवा विचित्र वागतो.

प्रश्न : जर्मेनियम फझ (जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, आवाज खरखरीत फाडणारा पेडल) घेतला, ट्यूनर पेडलच्या नंतर लावलाय. इतका कर्कश का वाजतोय?

उत्तर : ट्यूनरमधे बफर, म्हणजे सिग्नलला पुढे जायला जोर देणारं छोटं सर्किट, असणार. जुन्या पद्धतीच्या फझला गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक-कॉइल) थेट लागतो, दोघं मिळून एक सर्किट असल्यासारखे वागतात, मधे बफर आला की ती जोडी तुटते. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की फझ छान साफ होतो ना, ती गंमतही त्यात जाते. फझ सगळ्यात पहिला लावा, ट्यूनर त्याच्या मागे. ट्यूनिंग करताना फझ बंद करायला विसरू नका म्हणजे झालं.