सिव्हिल डिप्लोमावाल्या सर्व्हेयरने कंपन्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या कामात यावं का?

तुमचं म्हणणं असं की टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) चालवता येतं, साईटवर उन्हात कंटाळा आलाय, तर कंपन्यांना मालमत्ता कराचा सल्ला देऊन पोट भरेल का. भरतं. मी नवी मुंबईत घणसोलीला राहतो, रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांची हीच कामं बारा वर्षं करतोय, पण एसीत बसून एक्सेल असं डोक्यात असेल तर आधीच सांगतो, निम्मा वेळ पत्र्याच्या शेडमध्ये टेप धरण्यात जातो, एप्रिल-मेमध्ये सुद्धा.

हिशोब सोपा आहे. जागेला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ते धरायचं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरलं ते करयोग्य मूल्य (आम्ही सगळे आरव्हीच म्हणतो), त्यावर टक्केवारीने कर. आत बसवलेल्या मशिनरीची किंमत त्यात धरत नाहीत. म्हणजे भांडण उरतं क्षेत्रफळाचं आणि भाड्याच्या दराचं, आणि क्षेत्रफळात सर्व्हेयरचा हात कोण धरणार!

एका पॅकेजिंगवाल्याकडे रेकॉर्डपेक्षा मोजणी ४० चौरस मीटर कमी भरत होती, दोनदा मोजलं तरी तेच. मागच्या बाजूला गेलो तर जमिनीत चार खांबांचे कापलेले बुंधे, गंजके बोल्ट वर आलेले. शेठ म्हणाले, अहो ती पावसाळी शेड, पत्रे उडाले तेव्हाच काढून टाकली. कागदावर ती उभीच होती आणि शेठ तिचा टॅक्स भरत होते. समजा महिना १०० रुपये दर धरला तर ४० मीटरचे वर्षाला ४८,००० होतात, १० टक्के गेले की ४३,२०० आरव्ही, एवढी त्या नसलेल्या शेडची.

कायदा मात्र वाचा. करयोग्य मूल्याविरुद्ध कोर्टात अपील करायला १५ दिवस असतात आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. सुरुवातीला मी एकांची फाईल घेऊन वकिलाकडे गेलो तो सतरावा दिवस होता, वकिलाने फाईल उघडली पण नाही. क्लायंट गेला ते बरोबरच झालं. आता नोटीस आली म्हटलं की मी आधी पाकीट मागतो, ती हातात कधी पडली ते त्यावरच पेनाने लिहितो, बाकी चहा वगैरे नंतर.

इंग्लंडमध्ये याला रेटिंग सर्व्हेयर म्हणतात, आरआयसीएसची (तिकडच्या सर्व्हेयरांची संस्था) मेंबरशिप वगैरे असलेला वेगळा पेशाच आहे तिकडे, २०२३ पासून दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन, म्हणजे काम आपोआप चालून येतं. आपल्याकडे शेठला बिल खुपल्याशिवाय फोन येत नाही. त्यात एमआयडीसीतले लोक सर्व्हिस चार्ज पण भरतो आणि महापालिकेचा टॅक्स पण म्हणून आधीच वैतागलेले असतात, पहिला अर्धा तास तेच ऐकायचं.

पैशाचं म्हणाल तर वाचलेल्या टॅक्सच्या टक्क्यावर काम घेऊ नका, निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी, निकालाला कितीही वेळ लागतो. मोजणीचे पैसे वेगळे आणि नकाशा हातात द्यायच्या आधी घ्या.