‘ए ग्रेड मिळाली तरच’ ही अट आधी मागे घ्या

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा. बारावी सायन्सला ५८ टक्के, सीईटी दोनदा दिली, दोन्ही वेळा निराशा. आता हिमालयात ट्रेक लीडर व्हायचं म्हणतो. दर रविवारी सिंहगड चढतो. मागच्या वर्षी हिमाचलातल्या हम्प्ता पास या खिंडीचा ट्रेक केला. बालू का घेराच्या कॅम्पवर रात्रभर डोकं दुखत होतं, दोनदा उलटी झाली, पण पठ्ठ्याने कुणाला कळू दिलं नाही, खिंड पार करूनच आला. जिद्द आहे. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला पाठवू, पण ए ग्रेड मिळाली तरच पुढे. नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंग, असं ठरवलंय. नुसती हमाली न करता एव्हरेस्ट तरी करावं ही इच्छा. मार्गदर्शन करावे.
— एक पालक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : पत्रात तुम्ही ज्याला जिद्द म्हटलंय, त्याचीच मला काळजी वाटली. गुणांचं नंतर बघू.

बालू का घेरा साधारण ३,६०० मीटरवर आहे. खिंड ४,२७० च्या आसपास. त्या दिवशीचा मुक्काम पलीकडे सियागोरूला, आणि तोही बालू का घेरापेक्षा उंचावर. म्हणजे डोकेदुखी आणि उलट्या घेऊन तुमचा मुलगा आणखी वर जाऊन झोपला. एवढ्या उंचीवर ही दोन लक्षणं एकत्र दिसली की उंचीचाच त्रास समजायचा आणि ती पूर्ण थांबेपर्यंत वर जायचं नाही. वाढली तर लगेच उतरायचं, मग रात्र असो की पाऊस. मेंदूला सूज येऊन माणूस सरळ रेषेत चालेनासा झाला की हातात फार वेळ उरत नाही. केदारकंठ्यासारख्या शिखरावरून आल्या वाटेने खाली पळता येतं. खिंडीचं तसं नाही. एकदा ओलांडली की मागे फिरायला पुन्हा खिंडच चढावी लागते, नाहीतर पलीकडे खाली असलेल्या छत्रूपर्यंत पुढे रेटावं लागतं. म्हणूनच खिंडीच्या आदल्या रात्री लीडर प्रत्येकाच्या ताटाकडे बघतो, कोण जेवण टाकतंय ते टिपतो, तंबूत डोकावून विचारतो. त्या रात्री तुमचा मुलगा बहुधा ‘मस्त आहे’ म्हणाला असेल.

असं म्हणायला तो कुठे शिकला? सीईटीच्या दुसऱ्या खेपेला अभ्यास जमत नाहीये, हे त्याने निकालाआधी घरात सांगितलं होतं का? सांगितलं नसेल, तर हम्प्ताच्या रात्रीचं उत्तर तुमच्या दिवाणखान्यात आहे. आता त्यात ग्रेडची अट घालताय. बेसिकला ए असल्याशिवाय पुढच्या ॲडव्हान्स कोर्सला घेत नाहीत, हे खरं. तेवढं दडपण त्या कोर्सचं त्याला पुरे आहे. वर ‘नाहीतर इंजिनिअरिंग’ ही टांगती तलवार असेल, तर हिमनदीवरच्या कॅम्पात डोकं ठणकत असताना तो पुन्हा गप्प बसेल. पाठीवर तेव्हा १५-२० किलोंचं ओझंही असेल.

सिंहगड रोज चढला की उंचीची तयारी होते, हा गैरसमज पुण्यात फार घट्ट बसलाय म्हणून सविस्तर लिहितो. सिंहगड जेमतेम १,३०० मीटर, अख्ख्या महाराष्ट्रात उंच ते कळसूबाई १,६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण २,५०० च्या वर सुरू होतो. त्यामुळे सह्याद्रीत गुडघे, दम, वाट शोधण्याची नजर सगळं कमावता येतं. विरळ हवेची सवय मात्र अजिबात होत नाही. उलट दमदार पोरं भरभर चढतात आणि जास्त अडकतात. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा, हा नियम पैलवानालाही तसाच लागू आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नये. बोटं गार असतील तर आकडा चुकतो, आणि आकडा बरा दिसला तरी डोकेदुखी खोटी ठरत नाही.

एव्हरेस्टचा विषय सोडून द्या. त्याचा खर्च लाखांत मोजावा लागतो आणि ट्रेक लीडरच्या कामाशी त्याचा संबंध फार थोडा. हे काम मुख्यतः माघारी फिरवण्याचं आहे. पैसे भरून आलेल्या वीस जणांना दुपारचे ढग बघून ‘आज खिंड नाही’ सांगायचं आणि त्यांचा राग झेलायचा. डोंगरात हवामान काय करू शकतं बघा : जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल मार्गावर खराब हवामानात सापडून कर्नाटकातल्या गटातल्या ९ ट्रेकरांचा जीव गेला. आणि ‘हमाली’ हा शब्द मुलासमोर पुन्हा काढू नका. उत्तराखंडातल्या सांकरीचा किंवा सिक्कीममधल्या युकसोमचा स्थानिक गाईड पुढे चालतो, वाट आणि आभाळ तोच ओळखतो. पहिली काही वर्षं पुण्याच्या मुलाला त्याच्याच हाताखाली शिकायचंय.

आता कामाचं. पुन्हा सीईटी, मॅनेजमेंट कोटा, हे दोन्ही सध्या बाजूला ठेवा. पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करता येईल. बेसिकसाठी अर्ज आत्ताच करा, उन्हाळ्याच्या तुकड्या खूप आधी भरतात. उत्तरकाशीला जागा नसेल तर मनाली, दार्जिलिंग, पहलगाम इथल्या संस्था आहेत. बेसिक आणि ॲडव्हान्स प्रत्येकी साधारण चार आठवडे. पुढे शिकवण्याचा आणि शोध-बचावाचा असे वेगळे कोर्स. मधल्या काळात रानातल्या प्रथमोपचाराचं आठ-दहा दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. माझ्या मते ते बेसिकइतकंच महत्त्वाचं. बेसिकचं प्रमाणपत्र म्हणजे लीडरकीचा परवाना नव्हे. त्यानंतर एक पूर्ण हंगाम मदतनीस म्हणून, सगळ्यांत शेवटी चालणाऱ्याच्या जागी काढायचा. हिंदी घासूनपुसून घ्यावी लागेल. आपलं ‘मेरेको’ तिकडे चालतं, पण आजारी माणसाशी बोलताना तोकडं पडतं.

पैशांचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. कमाई बहुतेक ठिकाणी ट्रेकच्या दिवसांवर. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे ऐन हंगामाचे महिने. पावसाळ्यात मुख्यतः काश्मीर, लडाख, फुलांची दरी, थंडीत केदारकंठ्यासारखे मोजके मार्ग. उरलेल्या महिन्यांचा हिशेब त्याने स्वतः कागदावर मांडावा, अपघात विम्यासकट. गुडघे चाळिशीत तक्रार करू लागले की बरेच जण नियोजन, प्रशिक्षण किंवा बचाव दलाकडे वळतात. ती वाट त्याला आजच ठाऊक असू द्या. तो कागद तुम्ही तपासा, दुरुस्त करू नका.