वाघाचा डोळा आणि लेकीवर आलेला बोल

प्रश्न : माझा नातू १४ वर्षांचा. पाय आत वळतो, बोलणं जड झालंय. धंतोलीत एमआरआय काढला. ‘वाघाचा डोळा’ दिसला. जीन तपासणीत पँक-२ हा जीन बिघडलेला निघाला. त्याच्यावरून मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतलं, एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) बनतं. ‘मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात’ म्हणून सासरचे लेकीला बोल लावतात. २० वर्षांची नात धडधाकट आहे. तिचं माझ्या मुलाच्या मुलाशी ठरवायचं म्हणतात.
— एक आजी, महाल, नागपूर

उत्तर : आजी, सासरच्यांनी अर्धंच वाचलंय. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, खरं. पण त्यांचे स्वतःचे जीन फक्त ३७. पँक-२ त्यांत नाही. तो पेशीच्या केंद्रकात, २० क्रमांकाच्या गुणसूत्रावर. एन्झाइम तिथल्या आराखड्यावर बनतं आणि मग मायटोकॉन्ड्रियात जातं. आजार होतो तो दोन्ही प्रती बिघडल्यावर. एक आईची, दुसरी बापाची. जावईबापूंनाही सांगा, जरा मोठ्यानं!

तो ‘डोळा’ म्हणजे मेंदूच्या खोल भागात साचलेलं लोह : काळ्या डागात मधे पांढरा ठिपका.

आता नातीचं. ती निरोगी, तरी वाहक (एकच प्रत बिघडलेली, स्वतःला आजार नाही) असण्याची शक्यता तीनात दोन. तुमचा मुलगा वाहक असण्याची निम्मी, त्याच्या मुलाची पाव. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. मामेभाऊ म्हणून नाही म्हणू नका. साखरपुड्याआधी दोघांचं रक्त तपासा. घरातला बिघाड नेमका माहीत असल्यानं शोध सोपा जातो. नातवाचा जीन-रिपोर्ट मात्र सोबत न्या, नुसती एमआरआयची फिल्म नको.