पट लागत नाही, कारण पाय चुकतात

प्रश्न : नाना, मी चोपडा तालुक्यातला, वय २१. सात वर्षं तालमीत कुस्ती केली, यात्रेच्या दंगलीत इनामं घेतली. आठ महिन्यांपासून जळगावला एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत) शिकतोय. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायला, जातो तर हात पोचत नाही, मध्येच ठोसा बसतो. पुढच्या पोटरीवर लाथा खाऊन पाय सुजतो. आणि दर वेळी पाठ पिंजऱ्याच्या जाळीला लागते. ताकद कमी पडते का? व्यायाम वाढवू? सोबत सरावाचा व्हिडिओ पाठवतोय.

उत्तर : पैलवान, ताकद भरपूर आहे तुझ्यात. व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त तुझ्या गुडघ्याखालचं पाहत बसलो. दोन मिनिटांत चार वेळा तुझे पाय कात्रीसारखे एकमेकांवरून गेले, आणि चारही वेळा तू मार खाल्लास.

पटाचं आधी सांगतो. कुस्तीत पटाआधी खडाखडी होते. मनगट धरलं, मान ओढली, डोक्याला डोकं भिडलं, की समोरचा आपोआप हाताशी आलेला असतो. ते अंतर तुला कधी कमवावंच लागलं नाही. पिंजऱ्यात कोणी हातात हात देत नाही. तो लाथेच्या अंतरावर उभा राहतो आणि तू तिथूनच झेप घेतोस. मध्ये एक पाऊल हवं, तेही जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, आड लपवलेलं. डावा हात त्याच्या डोळ्यांपुढे जाईल त्याच क्षणी डावा पाय अर्धा फूट आत, आणि उजवा मागून तेवढाच. आता तुझा हात त्याच्या खांद्याला लागतो? मग पट. नाही लागत? बाहेर ये, पण गेलास त्या वाटेनं नको, बाजूनं.

पोटरीचं दुखणं पवित्र्याचं आहे. आपण वाकून, वजन पुढच्या पायावर घेऊन उभे राहतो. मातीत ते बरोबर आहे. इथं वजनानं रुतलेला पाय वेळेवर उचलता येत नाही, मग लाथ पूर्ण बसते. थोडा ताठ राहा, वजन दोन्ही पायांवर वाटून घे. मी पोरांना टाळी वाजली की पुढचं पाऊल उचलायला लावतो. उचलताना अंग मागे गेलं, तर वजन चुकलेलं आहे.

आता जाळी. यावर मला जास्त बोलायचंय, कारण मी स्वतः इथंच हरलोय. कुस्तीच्या मॅटचं वर्तुळ ९ मीटरचं, आणि यूएफसी या एमएमए स्पर्धेचा मोठा पिंजरा ३० फुटांचा. जागा जवळपास तेवढीच. पण मॅटवर पाय बाहेर गेला तर एक गुण जातो, शिट्टी वाजते, पुन्हा मध्ये येऊन उभं राहायचं. पिंजऱ्यात शिट्टी नाही. माझ्या पहिल्या लढतीत मी सरळ मागे मागे गेलो. टाच जाळीला लागली आणि मी खाली पाहिलं. फक्त पाहिलं. उजवा ठोसा कानाखाली बसला, पुढचं आठवत नाही. कोपऱ्यातून वस्ताद ओरडत होते, ‘पाय देख रे भो, पाय!’ ते मात्र अजून ऐकू येतं.

म्हणून हे कर. गावाकडे मळणीचं खळं असेल तर उत्तमच, आखाजीच्या सुमारास ते रिकामंच असतं. नाहीतर साफ केलेली कोणतीही जागा. फक्कीनं ३० फूट व्यासाचं वर्तुळ आख, आणि त्याच्या आत पाच फुटांवर दुसरं. भिडूनं तुला दाबत न्यायचं. टाच आतल्या रेघेवर आली की सरळ मागे एकही पाऊल नाही, बाजूला निघायचं. ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा पाय आधी, दुसरा मागून. समोरचा डावा पाय पुढे ठेवून उभा असेल तर त्याचा जोराचा उजवा हात तुझ्या डावीकडे येतो, म्हणून तू उजवीकडे नीघ. त्या बाजूला त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूनं वळून येणारा ठोसा, असतो, तेव्हा तुझा उजवा हात कानशिलावरून हलू देऊ नकोस. तीन-तीन मिनिटांचे पाच डाव, ठोसे न मारता. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटप, आपल्याकडच्या उन्हाशी कुस्ती नको.

भिडूची पाळी आली की तूही त्याच्या मागे धावू नकोस. सुटलेलं वासरू मागे धावून सापडत नाही, ते निघालं तिकडे आपण आडवं जाऊन उभं राहावं लागतं. कोंडणं म्हणजे तेच.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, बॉक्सिंग-एमएमए शिकायचं म्हणते. आमच्या शहाद्याजवळच्या गावात क्लास नाही. शाळेत लेझीम खेळते, त्याचा काही उपयोग?

उत्तर : ताई, नक्की आहे. २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकणारा युक्रेनचा बॉक्सर लोमाचेन्को याला लहानपणी वडिलांनी मुद्दाम पारंपरिक नाच शिकायला लावलं होतं. त्याच्या पायांकडे पाहिलं की ते दिसतं. लेझमीत ठेक्यावर बसणं, उठणं, दिशा बदलणं येतं, श्वासही टिकतो. ती सोडू देऊ नका. फक्त लेझमीच्या काही पावलांत पाय एकमेकांवरून जातात, ते लढताना चालत नाही. गच्चीवर खडूची एक सरळ रेघ ओढा. डावा पाय रेघेच्या डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि डावं पाऊल पुढे. रोज दहा मिनिटं असंच पुढे, मागे सरकायला लावा, पण पाय एकमेकांना ओलांडू नयेत. तुम्ही समोर बसून मोजा. रेघेवर पाय पडला की मोठ्यानं सांगा.