संमतीपत्रावर सही आईची की वडिलांची?

प्रश्न : माझी मुलगी नगरपालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. करोनामुळे बंद असलेली शाळा २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा भरते आहे, पण संमतीपत्र दिल्याशिवाय मुलांना वर्गात घेत नाहीत. मला तिला पाठवायचं आहे. ह्यांचा ठाम नकार आहे. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, आणि दुसऱ्या लाटेत माझे धाकटे दीर गेले. ह्यांची रिक्षा आहे. घरात स्मार्टफोन एकच, तो दिवसभर ह्यांच्याजवळ. रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर आलेले अभ्यासाचे फोटो बघून वहीत उतरवायचे, एवढंच तिचं ऑनलाइन शिक्षण. पहिलीत असताना शाळा बंद झाली, अजून तिला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. संमतीपत्रावर 'वडिलांची सही' असं छापलंय. मुख्याध्यापक म्हणतात, आठ दिवसांत फॉर्म आला नाही तर नाव कमी करावं लागेल. शेजारणी म्हणतात, नवऱ्याच्या नावाने तूच सही ठोकून दे. देऊ का? शाळा बंदच राहावी म्हणून हायकोर्टात जायला निघालेले काही पालकही माझी सही मागताहेत.

उत्तर : ताई, यजमानांच्या नावाने सही करू नका. शेजारणी मायेपोटी सांगत असतील, पण दुसऱ्याच्या नावाने केलेली सही ही बनावट सही. उद्या वाद वाढला तर तोच कागद तुमच्या विरोधात पुढे येईल, आणि ज्या दिवशी यजमानांना कळेल त्या दिवशी घरात शाळेचा विषय कायमचा बंद होईल. तुम्हाला त्याची गरजही नाही. 'वडिलांची' या शब्दावर काट मारा, वर 'आईची' असं लिहा आणि स्वतःच्या नावाने सही करा.

शिक्षण हक्क कायद्यात (२००९) पालक म्हणजे मुलाचे वडील किंवा आई, अशी सरळ व्याख्या आहे. शाळेला संमती हवी आहे ती पालकाची. फॉर्म छापताना कोणी 'वडील' एवढंच टाकलं म्हणून आई पालक राहत नाही, असं होत नाही. हाच पेच फार वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. एका आईने मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली, आणि बँकेने वडिलांची सही मागितली. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्याचा निकाल १९९९ मध्ये लागला. हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं म्हटलं आहे. त्या 'नंतर'चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असाच घ्यायचा नाही, ते मुलाचं बघत नसतील किंवा दोघांच्या संमतीने आईच बघत असेल तरीही आई पालक असते, असं न्यायालयाने सांगितलं.

पण हा निकाल तुम्हाला कुठवर नेईल तेही सांगते. तुमचे यजमान घरात आहेत, मुलीचं बघतात आणि त्यांनी स्पष्ट नकार दिला आहे. त्यांनी उद्या शाळेत जाऊन 'माझी संमती नाही' असं लिहून दिलं, तर मुख्याध्यापक अडकतील. नवरा-बायकोत कोण बरोबर, हे ठरवायचा अधिकार त्यांना नाही. ते दोघांना बोलावतील आणि मुलीला तोवर बाहेर ठेवतील. म्हणून सही करण्याआधी यजमानांना सांगा की तुम्ही ती करणार आहात. चोरून केलेली सही टिकणार नाही.

नाव कमी करण्याची भीती मात्र आजच मनातून काढून टाका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार शाळेत दाखल झालेल्या मुलाला प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. शासनानेच पालकांची संमती मागितली आहे. संमती मागायची आणि ती न देणाऱ्याच्या मुलाचं नाव पटावरून उडवायचं, हे एकत्र बसत नाही. मुख्याध्यापक पटसंख्येच्या काळजीने बोलले असतील, तरी ही धमकी चुकीची आहे. पुन्हा तसं म्हणाले तर 'सर, लेखी द्या' एवढंच म्हणा. लेखी दिलंच तर कलम ३२ खाली नगरपालिकेकडे तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

तुम्ही फॉर्मचा फोटो पाठवलात हे बरं झालं. त्यात शेवटून दुसरी ओळ आहे : 'पाल्यास संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' तुम्ही याबद्दल विचारलं नाहीत, पण मला ती सर्वात जास्त खटकली. अशी ओळ लिहून घेतली म्हणून शाळेची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. वर्गाच्या खिडक्या बंद, हात धुवायला पाणी नाही, खोकणारी मुलं दाटीवाटीने बसवलेली, असं असेल आणि त्यातून मुलाला काही झालं, तर पालकाच्या सहीआड शाळेला लपता येणार नाही. तरी ती ओळ जशीच्या तशी मान्य करू नका. सहीखाली आपल्या हाताने लिहा : 'शासनाच्या मार्गदर्शक सूचनांचे पालन शाळेने करावे, या अटीवर संमती. घरी डायलिसिसवरील वृद्ध रुग्ण आहे.' अर्ज देताना झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. दुसऱ्या वाक्यामुळे घरातला धोका शाळेला माहीत होता याची नोंद राहील, आणि वर्गात कोणी आजारी सापडलं तर त्याच दिवशी कळवा, असा आग्रह तुम्हाला धरता येईल.

आता नवरा-बायकोतला वाद. मुलाच्या पालकत्वाचा वाद जिल्हा न्यायालयात किंवा, जिथे आहे तिथे, कौटुंबिक न्यायालयात नेता येतो, आणि तिथे आई-वडिलांच्या हक्काआधी मुलाचं हित बघतात. विभक्त राहणाऱ्या आईला मी कदाचित हाच रस्ता सांगितला असता. तुम्हाला सांगणार नाही. एका छताखाली नांदणाऱ्या दोघांनी तिसरीच्या वर्गासाठी एकमेकांवर अर्ज टाकायचे, तारखा घ्यायच्या, आणि पहिल्या सुनावणीपर्यंत एप्रिल उजाडायचा. त्यात मुलीच्या पदरात काय पडलं? घरात बोलणं अगदीच थांबलं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे दाव्याआधीच मध्यस्थी करून घेता येते, आणि स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

हायकोर्टात निघालेल्या पालकांना सही देऊ नका, आणि उद्या उलट बाजूचे, म्हणजे शाळा उघडाच म्हणणारे आले तर त्यांनाही नको. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने शाळा उघडा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यात हात घातला नाही. कुठे किती साथ आहे ते बघून सरकारांनी ठरवायचं, असा त्याचा सूर होता. आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये शाळा उघडायची की नाही ते स्थानिक प्रशासनानेच ठरवायचं होतं. तुमचा प्रश्न एका वर्गाचा, एका घराचा आहे. तो शाळा व्यवस्थापन समितीत सुटू शकतो. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पण बहुतेक पालकांना आपली समिती कोण हेच ठाऊक नसतं! सदस्यांची नावं शाळेतून घ्या, बैठक मागा, आणि तिथे यजमानांना सोबत न्या. मुलं दिवसाआड बोलावणार का, एका बाकावर किती बसवणार, शिक्षकांचे दोन्ही डोस झालेत का, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने विचारू द्या. ज्याने सख्खा भाऊ गमावला त्याला 'काही होत नाही हो' म्हणून समजावता येत नाही. त्याला उत्तरं मिळायला हवीत.

माझं मत विचाराल तर मुलीला पाठवावं. पहिलीच्या मार्चमध्ये तिची शाळा सुटली, दुसरी कोरी गेली, तिसरीतही वर्गात बसायला मिळालं ते थोडेच दिवस. मोठी मुलं मागचं भरून काढतील. जिचं वाचनच बसलेलं नाही तिला घरी रात्रीच्या फोनवर ते येणार नाही. तिच्या वयाला जानेवारी २०२२ पर्यंत तरी लस आलेली नव्हती, मुलांमध्ये ती १५ ते १८ वयालाच होती, म्हणून यजमानांची भीती बिनबुडाची नाही. पण धोका मुख्यतः सासूबाईंना आहे, तेव्हा बंदोबस्त तिथे करा. साठच्या पुढच्या आजारी माणसांना, दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील तर, १० जानेवारी २०२२ पासून प्रिकॉशन डोस, म्हणजे खबरदारीचा तिसरा डोस, मिळू लागला होता. डायलिसिसच्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारा, आणि विचारायला यजमानांनाच पाठवा. नात शाळेत जाऊ लागली तर घरात काय पाळायचं, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर त्यांना जास्त पटेल.

डॉक्टरांकडून जे कळेल ते शाळेच्या अर्जासोबत जोडा. डायलिसिसच्या आधल्या दिवशी मुलीला घरी ठेवायचं ठरलं तर तेही त्याच अर्जात लिहा, म्हणजे तेवढ्या गैरहजेरीवरून पुन्हा पटाचा विषय निघणार नाही. आणि यजमान तयार झाले तर तुमच्या सहीशेजारी त्यांचीही सही घ्या.