नव्या कंपनीची दखल छोट्या ब्लॉगांनी घ्यावी, यासाठी काय करावे?

आपण लिहिले आहे की साताऱ्यात दूध संकलन केंद्रांसाठी आपण एक ॲप तयार केले असून त्यामुळे उत्पादकाला प्रत्येक पाळीचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि दर मोबाइलवर लगेच कळतात; मोठ्या वृत्तपत्रांना पाठवलेल्या मेलना उत्तर आले नाही, म्हणून आता छोट्या ब्लॉगांकडे कसे जावे, असे आपण विचारले आहे. मी सांगलीचा आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघा मित्रांनी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधील मालाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर बाजारात आणले. आमच्या पहिल्या ११ ग्राहकांपैकी ७ जण दोन छोट्या ब्लॉगांवरील लेख वाचून आले होते, त्यामुळे हे सारे अनुभवाने लिहीत आहे.

आमची सुरुवात मात्र चुकीची झाली होती. ‘सांगलीच्या दोन तरुणांचे नवे पाऊल’ अशा मथळ्याची एक प्रेसनोट आम्ही लिहिली आणि ४३ पत्त्यांवर एकाच मेलने पाठवून दिली. त्यावर एकच उत्तर आले. द्राक्ष आणि बेदाण्यावर नियमाने लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘माझे वाचक बागायतदार आहेत. तुमची कंपनी सुरू झाली, याचा त्यांना काय उपयोग?’ ते वाचून मला वाईट वाटले, पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला आणि त्या फोनमुळेच पुढची दिशा मिळाली.

त्यांनी सॉफ्टवेअरबद्दल काहीच विचारले नाही. शेतकऱ्याचा आणि कोल्ड स्टोरेजचा वाद नेमका कुठे होतो, एवढेच ते विचारत राहिले. मी सांगत गेलो: तासगाव किंवा कवठेमहांकाळ भागातील शेतकरी समजा १५ किलोचे ४०० बॉक्स ठेवतो, सौद्यात माल एकदम जात नाही, कधी ६० बॉक्स विकले जातात तर कधी ११०, प्रत्येक वेळी शिल्लक पावतीवर हाताने लिहिली जाते, खाडाखोड होते, आणि सहा महिन्यांनी भाड्याचा हिशेब करताना शेतकऱ्याकडची शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळत नाही. यावर त्यांनी ‘कोल्ड स्टोरेजची पावती कशी तपासावी’ असा सविस्तर लेख लिहिला. त्यात आमचे नाव अगदी शेवटच्या दोन परिच्छेदांत होते. तो लेख शेतकऱ्यांनी एकमेकांना पाठवला, आडत दुकानांत त्यावर बोलणे झाले, आणि पुढच्या आठवड्यात दोन कोल्ड स्टोरेजच्या मालकांनी स्वतःहून आम्हाला बोलावले.

म्हणून माझे पहिले सांगणे हेच की कंपनीच्या जन्माची वार्ता घेऊन कुणाकडे जाऊ नका. त्या लेखकाच्या वाचकाला उपयोगी पडेल असा विषय घेऊन जा. छोटा ब्लॉग चालवणारा माणूस बहुधा एकटा असतो, नोकरी किंवा शेती सांभाळून रात्री लिहितो, आणि त्याला वेळेची व चांगल्या विषयांची चणचण असते. आपल्याकडे तर असा विषय तयारच आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याखाली फॅट किंवा एसएनएफ एक पॉइंट, म्हणजे ०.१ ने, उतरला की दर किती कापला जातो, आणि तो आपल्या दहा दिवसांच्या बिलात कसा ताडून पाहायचा, हे फार थोड्यांना जमते. एका उत्पादकाचे दहा दिवसांचे बिल, त्याची परवानगी घेऊन व नाव झाकून, ओळ अन् ओळ उलगडून दाखवणारा मजकूर आपण देऊ केलात, तर पशुपालनावर लिहिणारा कोणताही प्रामाणिक लेखक त्याचा विचार करील.

ब्लॉग निवडताना आपला ग्राहक काय वाचतो, तिथून शोध सुरू करावा. पाच-सहा संकलन केंद्रांवर जाऊन चालकांना आणि उत्पादकांना विचारा की चारा, जनावरांचे आजार, दुधाचे दर यांविषयी ते कुठे वाचतात किंवा पाहतात. लिहिणारे पशुवैद्यक, दूध संघांतून निवृत्त झालेले पर्यवेक्षक, रोजचे दर सांगणारे यूट्यूब चॅनेल अशी नावे त्यातून निघतील. स्टार्टअपविषयीच्या ब्लॉगांचा उपयोग गुंतवणूकदार किंवा कर्मचारी मिळवण्यासाठी होतो. दूध घालणारा शेतकरी तिथे येत नाही. ज्या ब्लॉगवर सगळ्याच प्रेसनोटा जशाच्या तशा चिकटवलेल्या दिसतात, तो वगळावा. उरलेल्यांचे निदान दहा-दहा लेख वाचावेत, आणि हे काम कुणावर सोपवू नये.

मेल प्रत्येकाला वेगळा लिहावा आणि तो १५० शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये. त्यांच्या कोणत्या लेखामुळे आपण लिहीत आहात, कोणता विषय देऊ इच्छिता, त्यासाठी आपल्याकडे कोणती माहिती आहे आणि आपला फोन नंबर, एवढे पुरे होते. फोटो मेलला न जोडता त्यांची लिंक द्यावी. फोटो आडवे, स्वच्छ उजेडातले असावेत आणि त्यात आपले बोधचिन्ह असण्यापेक्षा पहाटेच्या पाळीला किटली घेऊन उभा असलेला माणूस आणि त्याच्या हातातील मोबाइल दिसावा. आठवड्याने एकदा आठवण करावी, त्यानंतर थांबावे. एकच विषय दोघांना ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून देऊ नये. या क्षेत्रातले लेखक एकमेकांना ओळखतात, आणि गेलेला विश्वास परत मिळत नाही.

पैशांविषयी स्पष्ट लिहितो, कारण ही ठेच आम्हाला लागली आहे. एका पोर्टलने रक्कम घेऊन आमची ‘बातमी’ लावली. मजकूर आमचाच, त्यातही कंपनीच्या नावात चूक, आणि त्यावरून एकही फोन आला नाही. जाहिरात करणे गैर नाही, पण ती जाहिरात आहे हे वाचकाला दिसले पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणारा आणि कंपनी यांच्यात आर्थिक संबंध असेल तर तो उघड करणे आवश्यक आहे. पैसे देऊन मिळवलेल्या लिंकवर तशी खूण असावी, असे गूगलही सांगते आणि २०१९ पासून त्यासाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आहे. लेखकाला ॲप वापरून पाहण्यासाठी मोफत दिलेत, तरी त्याने तसे लिहावे असा आग्रह आपणच धरा.

आपल्या संकेतस्थळावरही वाचण्याजोगे काही असू द्या, कारण लिहिण्यापूर्वी प्रत्येक जण ते उघडून पाहतो. आमच्या जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे स्वतःचे नियतकालिक काढले आणि पुढे त्याचे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. आपल्याला एवढा मोठा पसारा नको. महिन्याला एक नीट लेख आला तरी चालेल.

वेळही पाहावी. पुष्टकाळात, म्हणजे वर्षातील जास्त दुधाच्या महिन्यांत, दूध वाढते, दर उतरू लागतात आणि शेतकरी बिलाकडे अधिक बारकाईने पाहतो, म्हणून त्याच्या महिनाभर आधी लेखकांशी बोलणे सुरू करावे. लेख प्रसिद्ध होईल त्या दिवशी फोन स्वतः उचलावा, लेखाखालील प्रत्येक शंकेला उत्तर द्यावे, आणि चूक आढळली तर लेखकाला खासगीत नम्रपणे कळवावी. त्या लेखाची लिंक तालुक्याच्या वार्ताहराला पाठवायला हरकत नाही. आमच्याबद्दल जिल्हा पुरवणीत जे आले, ते पावतीवरचा लेख वाचून वार्ताहरानेच केलेल्या चौकशीतून आले.

शेवटचे काम वहीचे आहे. येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘आमच्याविषयी कुठे वाचले?’ असे विचारून उत्तर एका रकान्यात लिहीत जा. आमच्या वहीतील सातपैकी तीन नोंदी लेख येऊन पाच महिने उलटल्यानंतरच्या आहेत, बेदाण्याचा नवा हंगाम सुरू झाला आणि लोकांना जुनी पावती पुन्हा आठवली तेव्हाच्या. म्हणून पहिल्या पंधरवड्यात फोन कमी आले, तरी त्या लेखकाशी बोलणे बंद करू नका.