शाळेचा फोन आला की त्याच दिवशी मुलाला घरी आणा

प्रश्न: आम्ही मिशिगनमध्ये नोवीला राहतो. मुलगा नववीत आहे. मागच्या आठवड्यात शाळेतून काउन्सेलरचा फोन आला. मुलाच्या गणिताच्या वहीत बंदुकीचं चित्र होतं आणि खाली ‘मी कुणालाच नको आहे’ असं लिहिलेलं होतं. मी ऑफिसात होते, संध्याकाळी बघते म्हणाले. आमचे हे म्हणतात, या वयात पोरं काहीही काढतात, इथली माणसं उगाच बाऊ करतात. सासरे पुण्याहून आले आहेत. त्यांचं म्हणणं, शाळेला फार काही सांगू नका, पोराच्या नावावर शिक्का बसेल. आमच्या घरात बंदूक नाही. पण ऑक्सफर्डच्या शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना तुरुंगात टाकलं हे वाचल्यापासून मला झोप नाही. उद्या काही झालंच, तर जबाबदार कोण, आम्ही की शाळा? – एक आई

उत्तर: ऑक्सफर्ड तुमच्याच ओकलंड काउंटीत आहे. तिथे चार-पाच दिवसांत काय काय घडत गेलं ते आधी सांगते, म्हणजे मी तुम्हाला घाई का करते आहे ते कळेल.

26 नोव्हेंबर 2021 ला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, वडिलांनी पंधरा वर्षांच्या मुलासाठी 9 एमएमचं पिस्तूल विकत घेतलं. शनिवारी आई त्याला नेमबाजीच्या सरावाला घेऊन गेली. सोमवारी तो वर्गात फोनवर काडतुसं शोधताना शिक्षिकेला दिसला. शाळेने आईसाठी निरोप ठेवला. आईने मुलाला मेसेज केला, मी रागावले नाहीये, फक्त पकडलं न जायला शीक. मंगळवारी, 30 तारखेला सकाळी, त्याच्या गणिताच्या कागदावर पिस्तूल, रक्तबंबाळ माणूस आणि ‘विचार थांबत नाहीत, मला मदत करा’ अशा अर्थाची ओळ सापडली. आईवडिलांना बोलावलं. काउन्सेलरने 48 तासांच्या आत मानसोपचाराची सोय करा असं सांगितलं. आईवडिलांनी मुलाला घरी नेलं नाही, दोघं कामावर परतले. चारच दिवसांपूर्वी घरात पिस्तूल आणलंय, हे त्या बैठकीत दोघांपैकी कुणी बोललं नाही. शाळेनेही विचारलं नाही आणि मुलाचं दप्तर उघडून पाहिलं नाही. पिस्तूल त्या दप्तरातच होतं. दोन-अडीच तासांनी चार विद्यार्थी गेले, सात जण जखमी झाले.

आईला फेब्रुवारी 2024 मध्ये आणि वडिलांना मार्चमध्ये ज्यूरीने सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. एप्रिलमध्ये दोघांना 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी आईवडील अशा गुन्ह्यात दोषी ठरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. मुलगा जन्मभर तुरुंगात राहणार आहे, पॅरोलशिवाय. पण आईबाप म्हणून ते कमी पडले, एवढ्यावर ही शिक्षा झालेली नाही. मुलाच्या हाती लागेल असं पिस्तूल ठेवलं आणि धोका समोर दिसत असताना साधी काळजीही घेतली नाही, असा खटला होता. म्हणून वहीतल्या एका चित्रावरून तुम्हाला कुणी तुरुंगात नेणार नाही, ती भीती मनातून काढून टाका.

शाळेचं काय झालं? शाळेतल्या कुणावरही फौजदारी खटला झाला नाही. सरकारी संस्थांना कायद्याने जे संरक्षण असतं त्यामुळे मिशिगनच्या राज्य न्यायालयांत शाळेविरुद्धचे दिवाणी दावेही अडले. पण 2023 च्या स्वतंत्र चौकशी अहवालात शाळेच्या चुका स्पष्ट लिहिल्या आहेत. त्या मुलाबाबत धोक्याचं रीतसर मूल्यमापन, म्हणजे तो स्वतःला किंवा इतरांना इजा करेल का याची तपासणी, व्हायला हवं होतं, ते झालंच नाही. मला हे फार लागतं. मुलगा कागदावर मदत मागत होता. शाळेने धरून चाललं की घरचे बघतील, घरच्यांनी धरून चाललं की शाळा बघेल.

शाळा दर वेळी सुटेलच असंही नाही. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजला जानेवारी 2023 मध्ये सहा वर्षांच्या मुलाने वर्गात शिक्षिकेवर गोळी झाडली. मुलाकडे बंदूक असावी, असं कर्मचाऱ्यांनी त्या दिवशी वारंवार सांगूनही उपमुख्याध्यापिकेने लक्ष दिलं नाही, असा तिच्यावर दावा झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये ज्यूरीने शिक्षिकेला 1 कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. बंदूक घरातली होती, आणि मुलाच्या आईला तुरुंगवास झाला.

आता तुमच्या घराकडे येते. शाळेतून असा फोन आला, की संध्याकाळची वाट पाहायची नाही. मीटिंग सोडा आणि मुलाला घेऊन या. ओरडायला नव्हे, त्याच्याजवळ बसायला. थेट विचारा, ‘तुला जगू नये असं वाटतं का? कुणाला इजा करावीशी वाटते का?’ असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवे विचार शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा तो गप्प बसला आणि तुमच्या पोटात गोळा आला, तर त्याला एकटं सोडू नका आणि 988 या आत्महत्या व मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे दिवसरात्र माणूस भेटतो. जीव धोक्यात वाटला तर 911. एरवी मुलाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञापासून सुरुवात करा, पुढचा रस्ता तिथून मिळतो. हे या आठवड्यातच व्हायला हवं.

सासऱ्यांची भीती मला कळते. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ यापायी किती मुलं एकेकटी झुरली! पण मुलाच्या नोंदींत काय लिहिलंय ते पाहण्याचा हक्क पालकांना संघीय कायद्यानेच दिलेला आहे, तेव्हा शिक्क्याची धास्ती घेण्यापेक्षा ती फाइल मागून वाचा. काउन्सेलरकडे जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, हे त्यांना शांतपणे सांगा. आणि मुलासमोर शाळेची चेष्टा करू नका, हे मात्र तुमच्या यजमानांना सांगायला हवं. बाबा आपल्या बाजूने असतात एवढंच मुलाला कळतं, आपल्याला काय होतंय ते मागेच राहतं.

घरात बंदूक नाही, इतक्यावर मात्र निर्धास्त होऊ नका. शाळांवरच्या हल्ल्यांचा अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने 2019 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बंदुकीने झालेल्या हल्ल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांत ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाईकाच्या घरातून आली होती. तुमचा मुलगा ज्या मित्राकडे रात्री राहायला जातो, तिथे काय आहे, तुम्हाला माहीत आहे? शेंगदाण्याची ऍलर्जी आपण जशी निःसंकोच सांगतो, तसंच विचारा, ‘तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?’ आपल्या मंडळातल्या घरांतही विचारा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आलेल्या काही मराठी घरांत आता शिकारीची नाहीतर स्वसंरक्षणाची बंदूक असते. मिशिगनमध्ये 13 फेब्रुवारी 2024 पासून, 18 वर्षांखालचं मूल पोहोचू शकेल अशा जागी बंदूक कुलपाविना ठेवणं बेकायदा आहे. त्या मुलाच्या हातून कुणाला इजा झाली तर शिक्षा कित्येक वर्षांची होऊ शकते.

मुलाला आणखी एक गोष्ट समजावा. गंमत म्हणून ग्रुपवर ‘उद्या शाळा उडवतो’ असं टाकलं तरी पोलीस दारात येतात. सप्टेंबर 2024 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका शाळेत झालेल्या गोळीबारानंतर फ्लोरिडात अकरा वर्षांच्या मुलाला धमकीवरून अटक झाली आणि शेरीफने त्याचं नाव आणि चित्रफीत लोकांसमोर आणली. आणि मित्राने असं काही लिहिलेलं दिसलं तर ते लपवायचं नाही. मिशिगनमध्ये ‘ओके टू से’ या सोयीतून नाव न सांगता कळवता येतं.

शाळेला आजच एक ईमेल लिहा. तोंडी बोलणं विरून जातं. त्यात हे असू द्या: तुम्ही मुलाला भेटलात, डॉक्टरची वेळ घेतली आहे, घरात शस्त्र नाही. मग विचारा: शाळेने मुलाचं धोक्याचं मूल्यमापन केलं का, कुणी केलं, पुढचे काही आठवडे शाळेत त्याच्याशी कोण बोलणार, आणि पुन्हा काही दिसलं तर दोघांपैकी कुणाच्या फोनवर आधी कळवणार. दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर प्रिन्सिपलची वेळ मागा आणि यजमानांना सोबत घेऊन जा.